नाव भिंतीकडे

इडलीपात्र. एका पायाने अधू स्टूल. गरम पाण्याची पिशवी. तेवीस हँगर. घडीचं मखर.

मुलीकडे बंगळुरूला कायमचं जायचं, म्हणून घरातलं सामान मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये विकायला मांडलं होतं. मुलीने फोनवरून सूचना दिल्या होत्या. एक, सकाळी लवकर मांड. दोन, प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटव. तीन, आठवणी सांगत बसू नकोस, गिऱ्हाईक पळतं. चार, भेट आलेल्या भांड्यांवरची नावं भिंतीकडे कर.

चौथी सूचना मी सगळ्यात आधी पाळली.

समोरच्या कुमुदवहिनी चष्मा न लावताच खाली आल्या. त्यांनी नेमका नाव भिंतीकडे केलेला स्टीलचा डबा उचलला, फिरवला आणि कोरलेल्या अक्षरांवर अंगठा टेकवला.

"कुणाचं गं नाव हे?"

"असेल सासरच्या कुणाचं तरी," मी म्हणाले.

"असेल." त्यांनी डबा पिशवीत टाकला. "वास्तुशांतीला काय द्यावं म्हणून बिचारीने चार दुकानं पालथी घातली असतील."

वास्तुशांतीचं मी काहीच बोलले नव्हते.

"वहिनी, पैसे नकोत. न्या तसाच."

"छे गं. सेल आहे ना?" त्यांनी चष्म्याशिवायच किंमत वाचली, तेवढे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि लिफ्टकडे गेल्या.

त्र्याण्णव साली मला टायफॉईड झाला, तेव्हा एकवीस दिवस तो डबा समोरच्या घरी रिकामा जात होता आणि मऊ भात भरून परत येत होता.