लाल जर्सीतली माणसं

"आपा, हा व्हिडिओ फक्त तुला हां, पुढे पाठवू नको," धाकट्या भावानं बजावलं होतं. "घाबरट कुठला!" म्हणत सादियानं तो मस्कतहून गावच्या ग्रुपवर टाकला. व्हिडिओत शेजारच्या देशातल्या कॅम्पमधले मजूर लाल जर्सी घालून जल्लोषाची तालीम करत होते आणि भाऊ हसत सांगत होता, "आम्ही सरकारी फॅन! ओरडलो नाही, तर पगार खलास." दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. आज टीव्हीवर तिथल्या स्पर्धेची उद्घाटनाची मॅच लागली. "बघा जनतेचा उत्साह!" निवेदक म्हणाला. लेकीनं टीव्हीवर बोट ठेवलं, "अम्मी, मामू कोणता?" सादियानं एकेक चेहरा तपासला. व्हिडिओतले सगळे तिथं ओरडत होते, फक्त भाऊ त्यांच्यात नव्हता. त्याच ग्रुपवर तिनं लिहिलं, "तिथं कुणी असाल, तर कॅम्पमधल्या सतरा नंबरच्या खोलीत डोकावा. माझा शाहबाज आहे का, एवढं कळवा."