खुशालीचा आवाज

लेकीच्या जुन्या लॅपटॉपच्या अंगात जोर नव्हता. म्हणून नोकरीसाठी परगावी जाताना तिने आपला मोठा कॉम्प्युटर आतल्या खोलीत चालूच ठेवला.

"बाबा, लिनक्सचा एखादा प्रोग्रॅम लॅपटॉपवर कंपाइल करायचा, म्हणजे चालवण्याजोगा तयार करायचा, तर अख्खा दिवस जातो. ते काम मी तिकडूनच, माझ्या लॅपटॉपवरून, या पहिलवानाला सांगणार. याचे पंखे घोंघावायला लागले की समज, तुझी लेक कामाला बसली. फक्त याचं बटण बंद करू नकोस!"

तेव्हापासून तो आवाज म्हणजेच बाबांसाठी लेकीची खुशाली.

पण परवापासून पहिलवान गप्प होता आणि तिचा फोनही लागत नव्हता. "रेंज नसेल गं," असं बायकोला समजावताना बाबा स्वतःच पुन्हा पुन्हा तिचा नंबर फिरवत होते. येता-जाता ते आतल्या खोलीच्या दाराला कान लावत.

आज भर दुपारी अचानक आतून पंखे घोंघावू लागले. बाबांचा जीव भांड्यात पडला. "अगं, बसली पोरगी कामाला!" असं ओरडत ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. नंबर अनोळखी होता, पण आवाज लेकीचाच.

"बाबा, घाबरू नकोस, मी बरी आहे. तुझा नंबर पाठ नव्हता, तो मिळवेपर्यंत उशीर झाला. अरे, परवा माझी बॅग चोरीला गेली. फोन, लॅपटॉप, सगळंच!"



आतल्या खोलीत पहिलवान इमानेइतबारे कुणासाठी तरी राबत होता.