पहिला झोका

“शमिकाला विचारलंत का?” घराच्या मालकीण सरोजिनीबाईंनी विचारलं, आणि अच्युतने मापासाठी उघडलेली टेप पुन्हा गुंडाळली.

प्रश्न खिडकीचा होता. घराचा नकाशा अच्युतचा, भिंती अच्युतने उभ्या केलेल्या, आणि खिडकी किती उंचीवर घ्यायची ते मात्र शमिकाला विचारायचं. अर्धी हयात इंदुरात आर्किटेक्ट म्हणून काढलेल्या माणसाने कालपरवा या धंद्यात आलेल्या इंटीरियर डिझायनरच्या तोंडाकडे बघायचं.

शमिका म्हणाली, खिडकी खाली घ्या. बाई खुर्चीत बसून पोथी वाचतात, बसल्या जागी त्यांना बाहेरचं जांभळाचं झाड दिसायला हवं. खिडकी खाली आली. वाईट एवढंच, की ती छान दिसली.

तेच अच्युतला खुपत होतं. पोरगी चुकली असती तर त्याला सुखाची झोप लागली असती. पण पाया खणल्यापासून ती साइटवर हजर. पलंग कुठे येणार हे आधीच ठरल्यामुळे एकही बटण पलंगाआड जाणार नव्हतं, एसीचा पाइप न्यायला भिंत फोडावी लागणार नव्हती. शेजारच्या बंगल्यात प्लास्टर झाल्यावर डिझायनर आली होती, तिथे अजून छिन्नी-हातोडा चालू होता. खजरान्याच्या देवळाकडे जाणारे लोक गाडी थांबवून हे घर बघायला आत येत. शमिका त्यांना हातवारे करकरून सगळं समजावून सांगे, आणि ते माना डोलावत. अच्युत लांब वाळूच्या ढिगाजवळ उभा असे. तिथे शब्द ऐकू येत नसत, पण ऐकायला कशाला हवेत? मेहनत याची आणि मिरवणं तिचं. तो मनातल्या मनात जळून खाक होई.

नुसतं कौतुकच पळवलं असतं तरी त्याने गिळलं असतं. पण सरोजिनीबाईंच्या मुलाचा, डॉक्टर मानसचा, तुकोगंजात मोठा दवाखाना व्हायचा होता. असल्या कामाची अच्युत वर्षानुवर्षं वाट बघत होता. हे हातून गेलं तर उरलेला जन्म छोटे बंगले आणि कंपाउंडच्या भिंती काढण्यात जाणार होता. आणि हल्ली बाई आणि शमिका काहीतरी कुजबुजत, तो आला की गप्प होत. एकदा ‘दवाखाना’ हा शब्द त्याच्या कानावर पडलाच. समजायचं ते तो समजला.

त्यात झोपाळा निघाला. हॉलमध्ये, शमिकाने योजलेल्या रंगीत काचेच्या पार्टिशनसमोर, पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा. बाई ऐकूनच हरखल्या. शमिकाच्या ड्रॉइंगमध्ये हुकांच्या खुणा होत्या. हूक स्लॅब भरण्याआधी सळ्यांना बांधावे लागतात. एकदा स्लॅब भरला की जागा हलत नाही.

स्लॅबच्या दिवशी शमिकाचा फोन आला.

“सर, मी उज्जैनला फसलेय. हुकांचं तेवढं तुम्ही बघून घ्या ना प्लीज. तुम्ही असलात की मला टेन्शन नाही.”

ठेकेदार श्रीकृष्ण खडू घेऊन उभाच होता. “साहब, हूक कहाँ दूँ?”

अच्युतने ड्रॉइंग घडी घालून खिशात टाकलं आणि खुणेपासून हातभर अलीकडे, काचेच्या बाजूला बोट दाखवलं. “यहाँ.”

झोपाळा नुसता टांगलेला असताना कुणाला काही कळणार नव्हतं. चांगला झोका बसला की मात्र तो थेट काचेवर जाणार. काच तिची, झोपाळा तिचा, शोभाही तिचीच व्हायची. कुणाला लागायचं नाही, फार तर काचेला तडा जाईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. असल्या डिझायनरच्या हाती मानस दवाखाना थोडाच देणार?

वास्तुशांतीच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. पोहे-जिलेबीची पंगत उठत होती. झोपाळा सकाळीच टांगला होता, कड्यांना झेंडूच्या माळा होत्या. शमिकाने मान तिरकी करून झोपाळ्याकडे बघितलं.

“जरा काचेजवळ वाटतोय, नाही?” मग तिचं तीच हसली. “पण हूक तुम्ही बघितलेत सर, म्हणजे बरोबरच असणार.”

काच पुरती दिसेल अशी समोरची जागा अच्युतने धरून ठेवली होती.

“अच्युतराव, इकडे या बरं,” सरोजिनीबाईंनी सगळ्यांदेखत हाक मारली. “ही मुलगी पहिल्या दिवसापासून येईल त्याला एकच सांगते, सरांनी खिडकीची जागा अशी काढली म्हणून मला ती खाली घेता आली, सरांनी हे केलं, सरांनी ते केलं. आणि हा झोपाळाही तुमचाच म्हणे. गाडीवर पोहे खाता खाता तुम्ही तिला तुमच्या लहानपणच्या झोपाळ्याचं सांगितलंत, आई दुपारची त्यावर बसायची ते. तुम्ही विसरलात, ती नाही विसरली.”

अच्युतला ती पोह्यांची गाडी आठवली. आईही आठवली.

“तुकोगंजचा दवाखाना तुम्हीच करायचाय,” बाई म्हणाल्या. “शमिकाला विचारलं तर म्हणाली, सर असतील तरच मी. आज सगळ्यांसमोर सांगायचं म्हणून इतके दिवस दोघी गप्प होतो. बसा आता. पहिला झोका तुमचा.”

कुणीतरी दंडाला धरून त्याला झोपाळ्यावर बसवलं. समोर सगळी माणसं हसऱ्या तोंडांनी उभी होती, मानसने मोबाइल वर धरला होता. काच अच्युतच्या पाठीशी होती. शमिका बाजूला आली आणि तिने कडी हातात घेतली.

अच्युतने दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवले.

“सर,” शमिका म्हणाली, “पाय वर घ्या.”