एकशे बेचाळिसावं पान

आमचं पुस्तकांचं दुकान बंद पडू नये म्हणून गल्लीने समिती काढली. अध्यक्षीणबाई भाषणात इतक्या गहिवरल्या, की मला वाटलं दुकान गेलंच आणि ही शोकसभा.

दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून एकच कादंबरी फुकट वाचू लागल्या. उठताना खुणेला पानाचा कोपरा दुमडायच्या आणि पुस्तक परत फळीवर ठेवायच्या. पाचव्या दिवशी मोबाईल नाचवत म्हणाल्या, "काका, हीच ऑनलाइन स्वस्त मिळतेय. मागवलीसुद्धा!"

"छान केलंत, ताई," मी म्हणालो.

मागच्या खोलीत सूनबाईचा कॉम्प्युटर 'टिंग' वाजला. वेगळ्या नावाचं ते ऑनलाइन दुकान आमचंच. कादंबरीची प्रत एकुलती एक. ताईंची पाठ वळताच फळीवरून काढली आणि खोक्यात भरली.

आज ताईंचा शेरा आलाय. पाचपैकी एक तारा.


"वापरलेलं पुस्तक पाठवलंय! एकशे बेचाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला. कुठल्या फुकट्याने आधी वाचलंय, देव जाणे! म्हणून सांगते, पुस्तक नेहमी दुकानात जाऊनच घ्यावं."