दिवसभरापुरता डॉलर

"दिवसभरापुरता घेतला म्हणता, मग विकला का नाय अजून?" अनुष्काने विचारलं, आणि सयाजीरावांचा घास हातातच राहिला.

त्यांचा मुलगा शुभम वरंधजवळ मोटारसायकल घसरून गेला, त्याला पाच महिने झाले होते. तेव्हापासून त्यांची सून अनुष्का हो-नाहीपलीकडे बोलली नव्हती. कापडे गावातल्या घरात दोघंच राहत. संध्याकाळच्या बातम्यांत डॉलर वधारल्याचं ऐकून सयाजीराव सहज बोलून गेले होते, की आज सकाळीच एकोणऐंशी रुपये ऐंशी पैशांना डॉलर घेतला, दिवसभरापुरता. एमआयडीसीतून निवृत्त झाल्यापासून महाडच्या दलालाकडे ते असे छोटे सौदे करत.

ते म्हणाले, "ठेवलाय."

"का?"

मग त्यांनी सांगितलं. चाल मोठी वाटली तर छोटा सौदाही पुढे न्यायचा, पण आंधळेपणाने नाही. कितीला बाहेर पडायचं, तो भाव आधीच लावून ठेवायचा. भाव तिथे आला की सौदा आपोआप तुटतो, म्हणजे विकला जातो. त्याला स्टॉप म्हणतात.

दुसऱ्या दिवशी डॉलर ऐंशीच्या वर गेला. सयाजीराव म्हणाले, निम्मा विकला आणि उरलेल्याचा स्टॉप खरेदीच्या भावावर आणला. आता पदरचं जायची भीती कमी.

अनुष्काने भाजी निवडता निवडता विचारलं, "पण रातोरात भाव तुमच्या स्टॉपच्या खालीच उघडला तर?"

सयाजीराव अंगणात गेले. बऱ्याच वेळाने येऊन म्हणाले, "मग मिळेल त्या भावाला सुटायचं. म्हणून तर निम्मा आधी विकायचा."

चौथ्या दिवशी तिने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आलेख काढला. शुक्रवारी तिने विचारलं, की शनिवार-रविवार बाजार बंद असताना सौदा अंगावर का ठेवायचा? याचं उत्तर उद्या देतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी दिलंही: सोमवारी भाव वाईटात वाईट उघडला तरी सोसेल, तेवढाच ठेवायचा.

भाव चढत होता, तसा स्टॉप वर सरकत होता. आता ती सकाळी उठल्या उठल्या मोबाईलवर डॉलर बघायची. भात बघायला बांधावर गेलेल्या सासऱ्यांना तिथे जाऊन भाव सांगायची.

दहाव्या दिवशी डॉलर एक्क्याऐंशी साठवरून घसरला.

"तुटला," सयाजीराव म्हणाले. "एक्क्याऐंशी वीसला."

"स्टॉप खाली नाय ना सरकवलात?"

"नाय."

"मग बरोबर झालं," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने परत भात वाढून घेतला.

पुढच्या आठवड्यात तिने दलालाकडे स्वतःचं खातं उघडायचं काढलं. सयाजीराव घाई काय हाय म्हणत राहिले. शेवटी ती एकटीच एसटीने महाडला गेली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती गावाबाहेर पडली होती.

दलालाकडच्या साहिलने अर्जावरचं नाव, गाव वाचलं आणि मान वर केली. ती म्हणाली, मी सासऱ्यांकडूनच शिकले, त्यांच्या डॉलरच्या सौद्यावरून.

"काकांचा सौदा?" साहिल म्हणाला. "तो तर पहिल्याच दिवशी सकाळी साडेअकराला तुटला, तोट्यात. परत घेतलाच नाही. रोज संध्याकाळी फोन मात्र यायचा, सुनेनं आज अमुक विचारलंय, काय सांगू?"