दोन मिनिटं

प्लंबरकाका टेबलावर टक्क जागे होते. पोटातली मुख्य धमनी फुगून फुटली होती. पूर्ण भूल दिली असती तर उरलासुरला रक्तदाबही कोसळला असता, म्हणून फक्त जांघा बधिर केल्या होत्या. तिथूनच तारेवरून एक कापडी नळी वर सरकवायची, विजारीसारखी, दोन पायांची, आणि फुटक्या धमनीला आतून अस्तर लावायचं. पोट फाडायचं नाही.

सर बाजूला उभे होते. हातमोजे घालून, तयारीत. तीस वर्षं त्यांनी अशी पोटं उघडली होती. निम्मी माणसं हातातून निसटली होती. आजचं काम त्यांच्या विद्यार्थिनीचं, या तरुण डॉक्टरीणबाईंचं होतं. तिला जमलं नाही तरच सुरी त्यांनी घ्यायची.

"म्हणजे भिंत न फोडता पाइप बदलताय," काका पुटपुटले. ओठ पांढरेफटक पडले होते.

"बदलत नाही. आतून दुसरा घालतोय," सर म्हणाले. "बोलू नका."

नळीचा एक पाय बसला. दुसऱ्याचं तोंड तारेला सापडेना. पडद्यावर तार अगदी जवळ जायची आणि हुकायची. एकदा, दोनदा, पाचव्यांदा. नर्सने डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरचा घाम टिपला.

"रक्तदाब सत्तर," भूलतज्ज्ञ म्हणाला. थोड्या वेळाने, "पासष्ट."

सरांना राहवेना. "सोड आता. मी उघडतो."

"दोन मिनिटं, सर."

"दोन मिनिटांत माणूस जातो!"

तिने पडद्यावरची नजर काढली नाही, पण बोटं थबकली.

"डॉक्टर." काकांचा आवाज जेमतेम ऐकू आला. "त्यांना करू द्या. कुणी डोक्यावर उभं राहिलं की माझाही हात चुकतो."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग मागे सरकले. भिंतीपर्यंत.

"हं. घे दोन मिनिटं."

तार पुन्हा हुकली. मग अलगद आत शिरली. दुसरा पाय बसला. गळती तपासायला पडद्यावर दिसणारं औषध सोडलं तेव्हा पडद्यावर ते दोन्ही पायांत सरळ खाली धावलं. बाहेर एक थेंब नाही.

"ऐंशी," भूलतज्ज्ञ म्हणाला. "नव्वद."

सर बाहेर आले तशी बाकावरून काकांची बायको धडपडत उठली.

"आहेत," सर म्हणाले. "उद्यापर्यंत जपावं लागेल. पण आहेत."

तिने हात जोडले. "तुमचे हात... तुम्हीच केलंत ना?"

इतकी वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर असायचं. ते ओठांवर आलंही.

"नाही," सर म्हणाले. "मी हात लावला नाही."

तिला काही कळलं नाही. सरांनी डोक्यावरची टोपी काढली. तिने परत बाकावर बसून, सरकून जागा केली, आणि ते तिच्या शेजारी बसले.