आधाराच्या गोळ्या

१९९४ साल. दवाखान्यातली सकाळ. धाकटी जाऊ तोंड धुवायला गेली आणि थोरलीने डाव साधला. आपल्या स्टुलावरची गोळ्यांची बाटली तिने पलीकडच्या खाटेशी नेऊन ठेवली, धाकटीची बाटली आपल्याकडे आणली आणि पाठ फिरवून पडून राहिली. पलीकडे गेलेल्या बाटलीचं झाकण चावलेलं होतं. थोरलीला कुठलंही झाकण दातांनीच उघडायची खोड होती.

सात वर्षं दोघींचा अबोला होता. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा घराच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली. ती कुणीच लिंपली नाही. थोरली म्हणायची, वेगळं व्हायची हौस तिला, भिंत तिची. धाकटी म्हणायची, मला तोडलं तिने, भिंत तिची. भिंतीला भेगा पडल्या, भेगांत वाळूमाशी वाढली आणि दोघींना एकाच हंगामात तापाने धरलं. ताप हटेना. प्लीहा सुजून पोटात दगड ठेवल्यासारखी झाली, अंग काळवंडलं. दोघींच्याही शरीरात काळ्या आजाराचे परजीवी सापडले. आणि दवाखान्यात खाटा मिळाल्या त्या नेमक्या शेजारी शेजारी. नशीबही कधीकधी चावटपणा करतं.

इंजेक्शन दोघींना सारखंच होतं. ते रोगाला मारायचं, पण माणसालाही आतून जाळायचं. ती धग सोसावी म्हणून डॉक्टरांनी सोबत आधाराला गोळ्या सुरू केल्या होत्या. अँटिऑक्सिडंट. त्यांचा खरंच उपयोग होतो का, हे त्यांना पडताळायचं होतं. म्हणून अर्ध्या बाटल्यांत औषध होतं आणि अर्ध्यांत नुसती पिठी. कुणाकडे काय, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. हे सगळं आधी समजावून सांगितलं, तेव्हा दोघींनी माना डोलावल्या होत्या.

पण थोरलीला भूक लागू लागली आणि धाकटी मात्र घोटभर पाणीही ओकून टाकू लागली. तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. थोरलीच्या मनाने घेतलं, औषध माझ्याकडे, पिठी तिच्याकडे. तिचं डोकंच फिरलं. उद्या ही गेली तर लोक म्हणणार, थोरलीने औषध खाल्लं आणि धाकटीला पिठी चारली. सात वर्षं हार मानली नाही, आणि आता ही मरून जिंकणार?

चार दिवस बाटल्या तशाच बदललेल्या राहिल्या. पाचव्या सकाळी डॉक्टरांनी बाटलीवरचा नंबर पाहिला. तो खाटेच्या नंबराशी जुळेना.

"हे काय चालवलंय तुम्ही?" ते ओरडले. "सगळ्या कामावर पाणी फिरवलंत! कुणाची गोळी खरी ते मला कळत नाही, आणि तुम्हाला कळलं?"

थोरली खाटेवर उठून बसली. "तुम्हाला कळत नाही म्हणूनच तिची ही गत झाली! गोळ्या बघता, बाटल्या बघता. माणसाकडे बघा की जरा! डोळे बघा तिचे!"

डॉक्टर आणखी काहीतरी बोलणार होते. पण ते वळले आणि धाकटीच्या पापण्या उचलून पाहू लागले. मग कितीतरी वेळ तिचं पोट चाचपत राहिले. त्याच दिवशी तिचं इंजेक्शन बंद झालं आणि दुसरं सुरू झालं. गोळ्या दोघींच्याही काढून घेतल्या.

जाता जाता डॉक्टर दारात थांबले. त्यांचाही राग अजून उतरला नव्हता. "फवारणीवाले सांगत होते, तुमच्या घरात सगळ्या माश्या त्या मधल्या भिंतीत आहेत. ती लिंपली का नाही?"

"भिंत हिची आहे!" दोन्ही खाटांवरून एकदम उत्तर आलं.

सगळा वॉर्ड हसला. सिस्टरने हातातला ट्रे कसाबसा सावरला. त्या दोघी मात्र हसल्या नाहीत.

दुपारी धाकटी छताकडे पाहत म्हणाली, "जाऊबाई, पहार तुमच्याच वाटणीला आली होती ना?"

सात वर्षांतलं ते पहिलं वाक्य.

भिंत पडली. पहिला घाव कुणाचा, यावर पुढे दोघींचं आयुष्यभर वाजलं. डॉक्टर मोठ्या शहरात गेले, नावारूपाला आले. त्यांच्या अभ्यासात या दोघींना धरलंच नाही. सिस्टर निवृत्त झाल्या आणि धाकटीच्या मुलीच्या लग्नाला आल्या, तेव्हा बोलता बोलता सांगून गेल्या की अभ्यास संपल्यावर नंबरांची यादी उघडली, तर खरं औषध मुळात धाकटीच्याच बाटलीत होतं. थोरलीच्या बाटलीत पिठी.

थोरलीच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. रात्री पाहुणे पांगल्यावर ती धाकटीजवळ येऊन बसली.

"अगं, तुझं औषध मी खाल्लं. तुला पिठी चारली मी."

धाकटी उष्टी भांडी गोळा करत होती. तिने मानही वर केली नाही.

"चारली म्हणे! झाकणावरचे तुमचे दात मला ओळखू येत नव्हते होय? तुमचे उपकार गिळायला मी काही मेले नव्हते. एकूणएक गोळी खिडकीबाहेर फेकली."